उशीर कोणाचा? सर्पदंशावरील संशोधन आणि जुन्नर-आंबेगावचा मजूर

वैद्यकीय संशोधन हे काही साहित्य नव्हे, मग त्याची समीक्षा ह्या पृष्ठांवर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर साधे आहे. जे लेखन माणसाच्या मरणाचे कारण ठरवते, ते तपासण्याचा अधिकार ज्यांची माणसे मेली त्यांना आहे. कथा-कादंबरीत आपला माणूस कसा रंगवला गेला, हे आपण ओळीओळीत शोधतो. तोच माणूस संशोधन-निबंधात 'रुग्ण' किंवा 'मृत' म्हणून येतो, तेव्हा मात्र तो मजकूर डॉक्टरांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. ही सवय आता सोडली पाहिजे.

ह्यासाठी मी सर्पदंश हा विषय घेतला आहे, कारण जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत तो पुस्तकातला विषय नाही. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वाड्या, भातखाचरे आणि पावसाळा. पूर्वेला कुकडी, मीना आणि घोड यांच्या पाण्यावर उभा असलेला ऊस, कांदा, टोमॅटो. माणिकडोह आणि डिंभे येथे धरणे झाली, डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, आणि खालच्या अंगाला बागायत आली. बागायतीत धान्य आले, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे साप आले. ह्या साखळीत पाण्याचा फायदा एकाला मिळाला आणि सापाचा दंश दुसऱ्याला. उसाच्या सरीत रात्री पाय कोणाचा असतो, हे ह्या भागात कोणालाही विचारावे.

आधी संशोधनाचे ऋण मान्य करू. २०११ साली भारतातील सर्पदंश-मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी देशभरातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ६,६७१ विभागांत घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना विचारून, मृत्यूचे कारण ठरवले. त्यावरून २००५ साली देशात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसे मेली असा अंदाज निघाला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदीतला आकडा ह्याच्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी होता. मेलेल्यांपैकी ९७ टक्के ग्रामीण भागातले होते, आणि ७७ टक्के कोणत्याही रुग्णालयाबाहेर मेले होते. २०२० साली त्याच परंपरेतील दुसऱ्या निबंधाने सांगितले की २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे अशी गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. ह्या आकड्यांनी सरकारी खोटेपणा उघडा पाडला. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाची गणना उपेक्षित आजारांत केली, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती-आराखडा जाहीर केला. ह्या साऱ्यामागे अशा मोजणीचे बळ आहे. जे मोजले जात नव्हते ते मोजले गेले, ही लहान गोष्ट नाही.

परंतु मोजणी संपून कारणमीमांसा सुरू झाली की सर्पदंशावरील लेखनात काही वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. रुग्ण उशिरा आला. आधी मांत्रिकाकडे गेला. जनतेत अज्ञान व अंधश्रद्धा आहे. जनजागृतीची गरज आहे. वाक्ये खोटी नाहीत, पण अपुरी आहेत, आणि अपुरे सत्य वारंवार सांगितले की ते आरोप बनते. मरणारा आपल्याच अज्ञानाने मेला, असा त्या आरोपाचा अर्थ होतो.

'उशीर' ह्या शब्दाच्या आत काय आहे, हे मला माझ्या आत्याच्या मरणाने शिकवले. मी तेव्हा सातवीत होतो. आत्या आणि मामा एका बागायतदाराच्या मळ्यात सालाने होते. वीज रात्रीची, म्हणून कांद्याला पाणी रात्री. दोनच्या सुमारास बारे धरून आत्या कोपीत आली आणि जमिनीवर गोधडी टाकून निजली. पहाटे पोटात कळ उठली. ओवा दिला, शेक दिला. उजाडताना तिच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा एका म्हातारीने ओळखले की हे पान लागले आहे. ट्रॅक्टर मालकाचा, मालक झोपेत. त्याला उठवायला कोणी जावे ह्यावर वेळ गेला. तोवर तिला मारुतीच्या देवळाशी नेऊन लिंबाचा पाला फिरवला, कारण देऊळ पायी पोहोचण्याइतके जवळ होते. पुढे ज्या दवाखान्यात नेले तेथे डॉक्टर नव्हते. मोठ्या गावच्या वाटेवर ती गेली. शवविच्छेदन झाले नाही, कोणत्याही सरकारी यादीत तिचे नाव लागले नाही.

एखाद्या संशोधकाने ह्या मृत्यूची नोंद केली असती तर लिहिले असते: 'प्रथम देवळात नेले, उपचारास विलंब.' ते खरेच होते. पण आज वैद्यकशास्त्रच सांगते की मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तिच्या दंशाने फारसे दुखत नाही, सूज येत नाही, पोटात कळ येते आणि मग पापण्या मिटू लागतात. म्हणजे पहिले काही तास गेले ते सापाच्या जातीमुळे आणि झोपायला खाट नव्हती म्हणून. त्यानंतरचा वेळ गेला वाहन दुसऱ्याचे होते म्हणून. शेवटचा वेळ गेला दवाखाना रिकामा होता म्हणून. देवळात गेली ती पंधरा मिनिटे. ह्या साऱ्या हिशेबातून फक्त ती पंधरा मिनिटे उचलून त्यांना 'कारण' म्हणायचे, ह्याला शास्त्र कसे म्हणावे?

पायांचीही गोष्ट अशीच आहे. शेतात होणारे बरेचसे दंश पायांना होतात, म्हणून बूट घाला, बॅटरी वापरा, असा सल्ला प्रत्येक पत्रकात असतो. सल्ला योग्य आहे. पण ज्या समाजाला वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत होत्या, त्याच्या पायांना अनवाणीपणाची सवय आळसाने लागलेली नाही. अनवाणी पाय हा दारिद्र्याइतकाच जातीचाही वारसा आहे. रात्रीच्या विजेचेही तेच. शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीने वीज मिळाली, आणि त्या पाळीला जागा राहिला तो बहुतेक ठिकाणी मजूर किंवा अल्पभूधारक. २०११ आणि २०२० ह्या दोन्ही निबंधांच्या निष्कर्षांत वय आहे, लिंग आहे, ऋतू आहे, राज्य आहे. जमीन आणि जात ह्यांवर मात्र निष्कर्ष बांधलेला नाही. साप जात विचारून चावत नाही हे खरे. पण त्याच्या वाटेत कोणाला उभे करायचे, हे व्यवस्था जात विचारून ठरवते.

प्रश्न बदलला की संशोधनाचे उत्तर कसे बदलते, ह्याचे एक उदाहरण नेपाळात आहे. तेथील आग्नेय तराईत संशोधकांनी लोक मांत्रिकाकडे का जातात एवढेच विचारले नाही. दंश झालेल्याला लवकर कसे पोहोचवायचे हे विचारले. गावोगावी मोटारसायकलवाले स्वयंसेवक ठरवले, सोबत लोकशिक्षण केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे त्या गावांत दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. तेथे माणसे एका वर्षात बुद्धिवादी झाली नाहीत. दारात वाहन आले. त्याच भागातील आणखी एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे आढळले.

आपल्या दाराशीही असे काम आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत ह्या दांपत्याने अनेक वर्षे सर्पदंशाचे रुग्ण वाचवले, आपला अनुभव शोधनिबंधांतून मांडला आणि जुन्नर तालुक्यात सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये असे ध्येय ठेवले. मोठ्या शहरातील संस्थेत न बसता खेड्यातल्या रुग्णाशेजारून उभे राहिलेले हे ज्ञान आहे, म्हणून मला ते मोलाचे वाटते. त्यातून सिद्ध झाले ते हे की ह्या मातीत ही माणसे वाचू शकतात. मग ती मरतात तेव्हा 'अटळ' हा शब्द वापरता येत नाही. परंतु एका दांपत्याची निष्ठा ही शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठणे थांबले की नाही, हे कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून कळते. एवढी साधी परीक्षा आणि प्रतिविषाच्या कुप्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही असणे, हे काही अद्भुत स्वप्न नाही.

प्रतिविषाचीही एक कथा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चारांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचून ते तयार होते. त्यासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सापाच्या कातड्यांचा धंदा बंद पडला, आणि १९७८ साली ही संस्था उभी राहिली. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयान ह्या दोन इरुळा सर्पपकड्यांना पद्मश्री मिळाली. चांगले झाले. परंतु एक विसंगती पाहा. आदिवासीचे सापाविषयीचे ज्ञान कुपीत भरता आले की ते कौशल्य ठरते, आणि तोच आदिवासी मुळी उगाळून लावतो तेव्हा त्याचे सारेच ज्ञान अंधश्रद्धा ठरते. मुळीने विष उतरत नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. पण काय उतरते आणि काय नाही हे त्याच्याशी बसून बोलण्याची तसदी कोणी घेतली? शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर व सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत दाखवले आहे की सापांचे विष प्रदेशागणिक बदलते आणि एका भागातील विषावर बनवलेले प्रतिविष दुसरीकडे कमी पडू शकते. म्हणजे जुन्नरच्या घोणशीवर कोणते प्रतिविष किती चालते, हा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

मेल्यानंतरही जमीन आडवी येते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ते मिळतात खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. सातबारा लागतो. ज्याच्या नावावर गुंठा नाही, पण ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर गेले, तो ह्या व्याख्येत शेतकरी नाही. ह्याच तालुक्यांत बिबट्याने माणूस मारला तर वनखाते भरपाई देते, तेथे सातबारा विचारत नाहीत. साप हाही कायद्याने वन्यजीव आहे, पण भरपाईच्या यादीत तो नाही. बिबट्याच्या बळीची बातमी होते आणि मंत्री येतात. सापाच्या बळीला फक्त त्याची वस्ती येते.

आता आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. आपण बुद्धिवादी परंपरेचे वारस आहोत. बाबासाहेबांनंतर देवळाची पायरी सोडली, ह्याचा अभिमान योग्यच आहे. पण आपल्या सभांतून आणि लेखनातूनही मांत्रिक अज्ञानाचे प्रतीक म्हणून येतो आणि काम तेथेच संपते. मी स्वतः महाविद्यालयात अंधश्रद्धेवर व्याख्याने दिली आहेत. व्याख्यानाला जाताना वाटेतल्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे काय, हे मी एकदाही विचारले नव्हते. शिकलेल्या दलिताने आपल्या न शिकलेल्या माणसाकडे संशोधकाच्याच नजरेने पाहावे, ह्यासारखी शोकांतिका नाही. मांत्रिकाला नकार द्यावाच. पण ज्याच्या दारात मांत्रिकाखेरीज काही येत नाही, त्याला नुसता नकार देऊन चालत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. संशोधनाला उत्तर संशोधनानेच द्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंश हा अनिवार्यपणे नोंदवण्याचा आजार म्हणून जाहीर करण्यास सांगितले. ही नोंद केवळ दवाखान्याच्या दारात आलेल्यांची राहणार असेल, तर वाटेत मेलेले पुन्हा गळतील. आपले विद्यार्थी वाड्या-वस्त्यांतून राहतात. त्यांनी आपापल्या वस्तीतील गेल्या दहा वर्षांच्या सर्पदंशांची वही करावी. माणूस कोणाच्या जमिनीवर काम करत होता, पायांत काय होते, कशावर झोपला होता, वाहन कोणाचे व किती वेळाने मिळाले, पहिल्या दवाखान्यात काय होते, भरपाईचा अर्ज कोठे अडला. प्रश्न एवढेच, पण ते आपण विचारलेले असतील. ऊसतोडीला बाहेरून येणाऱ्यांच्या कोप्याही त्यातून सुटू नयेत. ती वही घेऊन पंचायत समितीत, आरोग्याधिकाऱ्यांकडे आणि संशोधकांकडेही जावे.

माझ्या वहीतले पहिले नाव आत्याचे आहे. 'उशीर' ह्या रकान्यापुढे मी कारण लिहिले आहे: खाट नव्हती, वीज रात्रीची होती, ट्रॅक्टर मालकाचा होता, डॉक्टर नव्हते. देवळाची पंधरा मिनिटेही लिहिली आहेत. ती लपवण्याचे कारण नाही. पण ती आता पाचव्या क्रमांकावर आहेत.