पानांच्या तीन व्यापाऱ्यांचें उदाहरण : पाठ व अर्थ यांची परीक्षा

भास्कराचार्यांच्या बीजगणितांत (शके १०७२) तीन व्यापाऱ्यांचें एक उदाहरण आहे. पहिल्याचें भांडवल ६ पण, दुसऱ्याचें ८, तिसऱ्याचें १००. तिघांनीं एकाच दरानें माल घेतला, एकाच दरानें विकला, आणि शेवटीं जे नग उरले ते दर नगास ५ पण घेऊन विकले. तिघांजवळ सारखेच पण झाले. तर खरेदीचा दर कोणता व विक्रीचा कोणता, असा प्रश्न. आचार्यांचें उत्तर : खरेदी ५४९, विक्री ११०.

या दोन आकड्यांचा विपर्यास फार लौकर होतो. घेतलें ५४९ ला, विकलें ११० ला, मग नफा कोठला? तेव्हां लेखकानें क्रय व विक्रय यांची अदलाबदल केली असावी, असें अनुमान करून वाचक मोकळा होतो. शाळेंत असतां मी हें उदाहरण वरच्या वर्गास घालीत असें. मुलें हेंच म्हणत, आणि मुलांस तें शोभतेंही. परंतु गणिताचें बाड हातीं धरून त्यावर ‘अशुद्ध’ असा शेरा मारणाऱ्या संग्राहकास तें शोभत नाहीं.

जुन्या व्यवहारांत दर म्हणजे एका नगाची किंमत नव्हे, तर एका नाण्यास मिळणारें परिमाण होय. पेशवाईच्या कागदांतील ‘रुपयास इतके शेर’ ही धारण याच जातीची. आकडा जितका मोठा तितका जिन्नस स्वस्त. पणास ५४९ प्रमाणें घेतलेला माल पणास ११० प्रमाणें विकला म्हणजे मुद्दल जवळजवळ पांचपट झालें. तोटा कोठेंच नाहीं. बखशाली येथें १८८१ सालीं सांपडलेल्या भूर्जपत्रांवरील हस्तलिखितांतही हीच रीति दिसते. त्यांतील एक व्यापारी २ नाण्यांस ७ नग घेतो, ३ नाण्यांस ६ विकतो, आणि त्यास १८ नफा होतो, मुद्दल काय? घेतांना नाण्यास साडेतीन, विकतांना दोन. म्हणजे एकाचे पावणेदोन झाले, पाऊण नफा, म्हणून मुद्दल २४. औटकी ज्यास पाठ होती त्यास येथें लेखणीची गरज नव्हती.

आपली दृष्टि बदलली ती छापील पुस्तकांमुळें. २०१८ च्या इयत्ता आठवीच्या पुस्तकांत ‘सूट व कमिशन’ हें प्रकरण आहे. त्यांतील सूट छापील किंमतीवर मोजावयाची. वस्तूवर किंमत छापलेलीच नसे त्या काळीं सूट कशावर मोजणार? नफा शेकड्यांत सांगण्याची चालही लीलावतींत नाहीं. तेथें शंभराचें प्रमाण व्याजास लागतें. ५१, ६८ व ८५ भांडवलाच्या तीन भागीदारांस मिळून ३०० झाले, तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यास ७५, १०० व १२५ आले, एवढेंच आचार्य काढतात. नफा शेकडा ४७ १/१७ पडतो याची त्यांस पर्वा नाहीं.

आतां मूळ उदाहरणाची फोड. पणास ५४९ प्रमाणें तिघांजवळ अनुक्रमें ३,२९४, ४,३९२ व ५४,९०० नग येतात. ११० प्रमाणें विकून २९, ३९ व ४९९ पण झाले, आणि १०४, १०२ व १० नग उरले. त्यांचे दर नगास ५ प्रमाणें ५२०, ५१० व ५० पण. प्रत्येकाची बेरीज ५४९. म्हणजे अखेरची रक्कम खरेदीच्या दराएवढीच आहे, आणि तो दर विक्रीच्या दराच्या पांचपटींतून एक वजा करून आलेला आहे. ११० च कां, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. ही रीति धरल्यास विक्रीचा दर १०० हून अधिक पाहिजे, नाहींतर शंभर पणवाल्याजवळ कांहींच उरत नाहीं. मग १०१ घ्या कीं ११० घ्या. पणास ५१ प्रमाणें विक्री व १२७ प्रमाणें खरेदी धरली तरी तिघांचे २५४ पण होतात. शेष म्हणजे एका पणाच्या विक्रीस न पुरणारे नग, हा अर्थ घेतल्यास याहून लहान पूर्णांकी उत्तर निघत नाहीं. उदाहरण प्राचीनांचें असून त्याचा आधार नियत नाहीं, आपण तें कसेंबसें समीकरणांत बसविलें, असें आचार्य स्वतःच सांगतात. आकड्यांविषयीं त्यांचा आग्रह नव्हता; आग्रह धरला तो मागाहूनच्या शिक्षकांनीं.

जिन्नस कोणता, हा पाठाचा प्रश्न. कोलब्रूकनें १८१७ च्या इंग्रजी भाषांतरांत विड्याचीं पानें असा अर्थ घेऊन फळें हा पर्यायही नोंदला आहे. ‘दल’ आणि ‘फल’ यांत अंतर एका अक्षराचें. माझें मत पानांच्या बाजूचें आहे. लीलावतींत द्रम्मास ३०० आंबे व पणास ३० डाळिंबें असा बाजार आहे. १६ पणांचा द्रम्म धरतां पणास १८ ३/४ आंबे पडतात. ज्या ग्रंथकाराच्या बाजारांत हा भाव, तो फळें पणास ५४९ प्रमाणें घेववील हें संभवत नाहीं. सर्वांत लहान उत्तरांतील १२७ सुद्धां डाळिंबांच्या चौपटीहून अधिक आहेत. आकडे कल्पित आहेत, म्हणून या पुराव्याचें बळ मर्यादितच. तरी पानें शेंकड्यांनीं मोजून विकण्याचा जिन्नस आहे, हें आमच्या सांडोरच्या आणि एकंदर वसईच्या वाड्यांत राहणाऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं.

पण याच वाडीवाल्यास विचारा, तो उदाहरणास दुसराच दोष लावील. अखेरचीं पानें महाग कशीं? दिवस कलला कीं पान कोमेजतें, डागाळतें, आणि उरलेला माल कसर सोसून काढावा लागतो. येथें उलट पणास ५४९ प्रमाणें घेतलेलें पान पांच पणांस जातें, म्हणजे २,७४५ पट! बाजारांत हें होत नाहीं. या उदाहरणावरून त्या काळचे पानांचे भाव काढूं पाहणाऱ्यानें येथेंच थांबावें. भाव हवेच असतील तर लीलावतीच्या त्रैराशिकांत व भांडप्रतिभांडांत शोधावेत. तेथेंही ते प्रमाण म्हणून नव्हे, संभाव्य म्हणून घ्यावेत.

मापांची गोष्ट याहून नाजूक आहे. आंतोनियु नुनिश यानें १५५४ सालीं पोर्तुगीज अमलांतील वजनें, मापें व नाणीं यांवर लिहिलेलें पुस्तक लिस्बन येथें १८६८ त छापलें गेलें. त्यांत गोवा, वसई, होर्मुझ, मलाक्का येथील कोष्टकें वेगवेगळीं दिलीं आहेत, कारण नांव एक असून माप निराळें. तेव्हां बाडांतील एखाद्या उदाहरणाचें उत्तर आजच्या कोष्टकानें जुळलें नाहीं, तर लेखक चुकला असें ठरविण्यापूर्वीं तें बाड कोणत्या पेठेंत वापरलें गेलें हें पाहिलें पाहिजे. तोंवर आकडा आहे तसाच उतरून घ्यावा, दराच्या जागीं किंमत लिहूं नये, आणि आपली दुरुस्ती समासांत ठेवावी.