कथारचनेच्या आधारे पूर्ण लांबीच्या पटकथेचे नियोजन : जालना जिल्ह्यातील अनुभवविश्वाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. मोसंबीच्या बागा, बियाणे उद्योग, लोखंडी सळ्यांचे कारखाने आणि वारंवार येणारा दुष्काळ ही या जिल्ह्याची सर्वपरिचित ओळख होय. या ओळखीत एक भर घालावी लागते ती नाट्यलेखनाची. समर्थ रामदासांचे जन्मगाव असलेल्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावातूनच राजकुमार तांगडे हे नाटककार पुढे आले. गावातील विजेच्या प्रश्नावरील 'आकडा' आणि २०१२ मध्ये रंगभूमीवर आलेले, नंदू माधव दिग्दर्शित 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकांनी या भागातील बोली, विनोद आणि सामाजिक जाण महाराष्ट्रभर पोहोचवली. दुसऱ्या नाटकातील अनेक कलावंत जालना परिसरातील ग्रामीण भागातूनच आलेले होते.

चित्रीकरणाची साधने स्वस्त झाल्यापासून नाटकाच्या वाटेने घडलेला तरुण लेखक पटकथेकडे वळताना दिसतो. मात्र त्याच्या हाती असलेली रचनेची सवय एकांकिकेची असते. विद्यापीठीय युवक महोत्सवातील एकांकिका सुमारे अर्ध्या तासाची असते; तिला एक प्रसंग, एक ताण आणि एक कलाटणी पुरते. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मात्र दीड ते अडीच तासांचा अवकाश भरावा लागतो. एकांकिकेचे कथाबीज तेवढ्या अवकाशात ताणले की आरंभ व शेवट उभे राहतात आणि मधला भाग ढासळतो. या अडचणीवर उपाय म्हणून कथारचनेचे तयार आराखडे स्वीकारले जातात. हे आराखडे ग्रामीण मराठी अनुभवाला कितपत साहाय्यभूत ठरतात आणि कोठे अपुरे पडतात, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचनेचे प्रचलित आराखडे

सिड फील्ड यांच्या 'स्क्रीनप्ले' (१९७९) या ग्रंथाने तीन अंकी रचना जगभर रूढ केली. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हे गृहीत धरून त्यांनी १२० पानांच्या पटकथेची आरंभ, संघर्ष आणि निराकरण अशी विभागणी केली. साधारणतः पंचविसाव्या पानाच्या सुमारास पहिले वळण आणि पंच्याऐंशी ते नव्वद पानांच्या दरम्यान दुसरे वळण, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. रॉबर्ट मॅकी यांच्या 'स्टोरी' (१९९७) या ग्रंथाने पात्राची अपेक्षा आणि प्रत्यक्ष परिणाम यांतील अंतरावर भर दिला. ब्लेक स्नायडर यांच्या 'सेव्ह द कॅट' (२००५) या पुस्तकाने तर पंधरा टप्प्यांचा तक्ताच लेखकाच्या हाती ठेवला.

भारतीय परंपरेला ही विचारपद्धती अपरिचित नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या पाच संधी त्यांना समांतर चालतात. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य या पाच अर्थप्रकृतींपैकी बिंदू हे तत्त्व पटकथाकाराच्या विशेष उपयोगाचे आहे, कारण मूळ कथासूत्र खंडित होऊ लागले असता त्याला पुन्हा सांधणारा घटक म्हणजे बिंदू. एकांकिकेकडून पटकथेकडे येणाऱ्या लेखकाची नेमकी अडचण हीच असते.

भारतीय चित्रपटगृहातील मध्यंतर हीसुद्धा रचनेची एक वास्तव अट आहे. पाश्चात्त्य पुस्तकांतील मध्यबिंदू हा लेखकाने कल्पिलेला असतो. मध्यंतर मात्र प्रेक्षक प्रत्यक्ष अनुभवतो. म्हणून मराठी पटकथेत मध्यंतरापूर्वीचा प्रसंग पूर्वार्धाचे उत्तर देणारा आणि उत्तरार्धाचा प्रश्न निर्माण करणारा असावा लागतो.

तीन मराठी पटकथांची साक्ष

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) हा चित्रपट मधला भाग कसा उभा करावा याचा उत्तम नमुना आहे. परशा या नातवाच्या डोळ्यांचा आजार घेऊन आजोबा शहरातील रुग्णालयात येतात. प्रारंभीचा प्रश्न आजार कोणता, एवढाच आहे. निदान कर्करोगाचे होते आणि प्रश्न बदलतो : जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार, हे मुलाला कसे सांगायचे? शस्त्रक्रिया लांबते तेव्हा प्रश्न पुन्हा बदलतो : उरलेल्या वेळात या मुलाला काय दाखवायचे? आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात. कथानकात घटना थोड्या आहेत, परंतु मुख्य प्रश्नाचे रूप पालटत राहिल्याने मध्यभाग कोठेही रेंगाळत नाही. लांबी भरून काढण्यासाठी घटना वाढवण्याची गरज नसून प्रश्न खोल करण्याची गरज असते, हा बोध येथे मिळतो.

मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या' (२००८) मध्ये उपकथानकाचे कार्य दिसून येते. बिबट्यासाठीच्या खड्ड्यात पडून चितंग्या हा बैल जायबंदी होतो. कर्जात बुडालेल्या बापाला तो विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही आणि टिंग्याला ते मान्य नाही. शेजारच्या रशिदाच्या आजारी नानीचे कथानक याला समांतर चालते. म्हाताऱ्या माणसावर उपचार होतात, मग बैलाला खाटकाकडे का धाडायचे, हा टिंग्याचा प्रश्न या दोन धाग्यांच्या गाठीतून जन्म घेतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ही पताका आहे. ती मुख्य कथेला विसावा देण्यासाठी आलेली नसून मुख्य कथेचा प्रश्न तिच्यावाचून विचारताच येत नाही. उपकथानक निवडताना लेखकाने लावावयाची कसोटी हीच होय.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा आराखड्याच्या मर्यादांचा विचार करण्यास भाग पाडतो. जब्याची इच्छा स्पष्ट आहे : शालूचे प्रेम. त्यासाठी तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ भटकतो. ही चिमणी कथेतील बिंदू आहे. कथानक सैल होऊ लागले की ती पुन्हा दिसते. कैकाडी समाजातील या मुलाला डुकरे धरण्याचे काम शालूच्या नजरेस पडू नये असे वाटते आणि अखेरीस नेमका तोच प्रसंग, संपूर्ण गावाच्या व शाळेच्या साक्षीने, त्याच्यावर ओढवतो. पात्र ज्या प्रसंगापासून पळते तोच उत्कर्षबिंदू म्हणून योजणे, हे नियोजनाचे कौशल्य येथे आहे. परंतु फलागम नाही. इच्छा पुरी होत नाही आणि जब्या पराभूतही होत नाही. तो दगड भिरकावतो आणि तो दगड पडद्यातून प्रेक्षकाच्या दिशेने येतो. निराकरणाची जबाबदारी पात्राकडून समाजाकडे सरकते. नायकाच्या विजयाने शेवट करा, असे सांगणाऱ्या तक्त्यात हा शेवट बसला नसता.

उपयोजन : मोसंबीच्या बागेची एक संभाव्य कथा

वरील तत्त्वे जिल्ह्यातील अनुभवाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. २०१२-१३ च्या दुष्काळाचा जालना जिल्ह्याला मोठा फटका बसला. विहिरी आटल्या, शेतकऱ्यांनी टँकरने विकतचे पाणी आणून मोसंबीच्या बागा जगवण्याचा प्रयत्न केला आणि अनेक बागा अखेरीस तोडाव्या लागल्या. या वास्तवावर पटकथा लिहू पाहणारा लेखक बहुधा दुष्काळालाच नायक करतो. त्यामुळे आटलेली विहीर, तडकलेली जमीन आणि हताश चेहरे यांची मालिका तयार होते. ती करुण असते, पण कथा नसते. कारण तिच्यात कोणी काही ठरवत नाही.

रचनेचा पहिला लाभ येथे मिळतो. ती लेखकाला विचारते : या माणसापुढे निवड कोणती आहे? लागवडीनंतर मोसंबीला फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात, म्हणून बाग तोडणे म्हणजे केवळ एका हंगामाचे नुकसान नव्हे. अंबे बहार धरण्यासाठी शेतकरी थंडीत बागेचे पाणी तोडून तिला ताण देतो आणि मग पाणी सोडून फुलोरा आणतो. हा ताण हिशेबाचा असतो. पुढे पाणी मिळेल या भरवशावर तो दिलेला असतो. कथेचे बीज याच भरवशात आहे. पुढे पाणी नसण्याची चिन्हे दिसत असताना बहार धरायचा की नाही, हा पात्राचा पहिला निर्णय ठरतो.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत बाग, घर, बाप आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी यांची ओळख होऊन बापाने बहार धरावा. विहीर तळ गाठते आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा टँकरकडे वळतो, हे पहिले वळण. पूर्वार्धात पाणी मिळवण्याचे प्रयत्न वाढत जातात आणि प्रत्येक प्रयत्नाची किंमत घरातील कोणाला तरी मोजावी लागते. मध्यंतरापूर्वी फळगळ होऊन बहार हातचा जातो. येथे 'श्वास'प्रमाणे प्रश्न बदलतो : आता फळे वाचवायची नसून झाडे वाचवायची आहेत. उत्तरार्धात ऊसतोडीला निघालेल्या शेजारी कुटुंबाचे उपकथानक बळावते. गाव सोडणाऱ्यांचे चुकते की धरून राहणाऱ्यांचे, हा प्रश्न या दोन धाग्यांतून उभा राहतो. सगळ्या झाडांना पुरेल एवढे पाणी नाही हे उघड होते, ते दुसरे वळण. मग निम्मी बाग स्वतःच्या हाताने तोडून निम्मी जगवायची का, आणि कोणती निम्मी, हा निर्णय उत्कर्षबिंदूकडे नेतो. बहार धरताना टाळलेला हिशेब येथे चुकता करावा लागतो.

या आराखड्यातील सर्वांत नाजूक जागा पावसाची आहे. दुष्काळाच्या कथेत शेवटी पाऊस येणे स्वाभाविक वाटते. मात्र पाऊस निर्णयापूर्वी आला तर लेखकाने पात्राची सुटका केली असे होते आणि तोवरची सगळी धडपड निरर्थक ठरते. निर्णयानंतर, कुऱ्हाड चालल्यानंतर आठवड्याभराने तो आला, तर तोच पाऊस सांत्वन न करता प्रश्न उभा करतो. घटना तीच असते. तिच्या क्रमाने कथेचा अर्थ बदलतो. रचना म्हणजे क्रमाचा विचार, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आराखड्याचा धोका

रचनेच्या आग्रहाचा धोकाही येथेच दडलेला आहे. एकाच व्यक्तीची इच्छा, अडथळे आणि प्रयत्न या सूत्रात दुष्काळ हा वैयक्तिक अडथळा होऊन बसतो. पाण्याचे वाटप, पतपुरवठा, बाजारभाव आणि जातव्यवस्था ही कारणे पडद्याबाहेर राहतात. जिद्दीने सर्व साध्य होते असा निष्कर्ष नकळत निघतो आणि जो हरला तो जिद्दीत कमी पडला, असाही त्याचा अर्थ होतो. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथे हा निष्कर्ष केवळ कलादृष्ट्या उणा नसून अन्यायकारक आहे.

यावर 'देऊळ' (२०११) या उमेश कुलकर्णी दिग्दर्शित चित्रपटाने एक मार्ग दाखवला आहे. गिरीश कुलकर्णी यांच्या पटकथेत केशाला उंबराखाली दत्ताचे दर्शन घडते आणि गावात देवळाची उभारणी सुरू होते. दवाखान्याची योजना बाजूला पडते. केशा हा कथेचा आरंभ करतो, परंतु पुढील कथा गावाची होते. प्रत्येक वळण एका माणसाच्या इच्छेने न घडता अनेकांच्या हितसंबंधांच्या जुळणीने घडते. अखेरीस केशा मूर्ती नेऊन विसर्जित करतो, तर गाव दुसरी मूर्ती बसवते. व्यक्तीची कृती पूर्ण होते, व्यवस्थेचे चक्र मात्र थांबत नाही. तीन अंकांची चौकट येथे मोडलेली नाही. तिच्यात नायकाच्या जागी समूह बसवला आहे. मोसंबीच्या कथेतही टँकरमालक, सावकार, बँक आणि भावकी यांना केवळ अडथळे न मानता स्वतःच्या इच्छा असलेली पात्रे मानले, तर दुष्काळाची कारणे संवादांतून सांगावी न लागता घटनांतून दिसू लागतील.

निष्कर्ष

१. एकांकिका आणि पूर्ण लांबीची पटकथा यांतील फरक केवळ लांबीचा नसून प्रश्नाच्या विकासाचा आहे. मध्यभाग घटनांनी न भरता मुख्य प्रश्नाचे रूप बदलून उभारावा लागतो.

२. पाश्चात्त्य तीन अंकी रचना आणि नाट्यशास्त्रातील संधिविचार परस्परविरोधी नाहीत. बिंदू व पताका या संकल्पना मराठी पटकथाकाराला आजही उपयुक्त आहेत.

३. आराखड्यातील पानांचे आकडे नियम म्हणून न पाळता तपासणीसाठी वापरावेत. 'पंचविसाव्या पानावर काय घडते' यापेक्षा 'पात्र प्रथम केव्हा आणि काय ठरवते' हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

४. ग्रामीण वास्तवात शेवट विजयाचा असलाच पाहिजे ही अट स्वीकारण्याचे कारण नाही. मात्र तो पात्राच्या निर्णयातून आलेला असावा. योगायोगाने किंवा पावसाने त्याची सुटका करू नये.

५. व्यक्तिकेंद्री रचना सामाजिक कारणे झाकते तेव्हा समूहाला पात्रत्व देणारी रचना शोधावी लागते. जालना जिल्ह्यातील नाट्यपरंपरेला गाव हे पात्र म्हणून उभे करण्याचा अनुभव आहे. हा अनुभव पटकथेच्या नियोजनात आणता आला, तर या मातीतील लेखकाला तयार साच्यात आपले जगणे कोंबण्याची वेळ येणार नाही.