ना देव, ना दादा

फ्रेंच भाषा मला येत नाही, म्हणून ती मला फार आवडते. तिच्यातला कुठलाही शब्द मराठी कानाला आपल्याला हवा तसा ऐकू येतो. आमेली नोतोंब या बेल्जियन बाईंची २००७ सालची एक कादंबरी आहे. तिचं मूळ नाव एखाद्या जाणकाराकडून मुद्दाम म्हणवून घ्या. ते चक्क 'नी देव, नी दादा' असंच ऐकू येतं, त्याला इलाज नाही. एखाद्या नास्तिकाचं, त्यातही थोरल्या भावाशी बिनसलेल्या नास्तिकाचं, आत्मचरित्र असावं असं वाटतं. पण त्यातला 'देव' म्हणजे बायबलातली ईव्ह आणि 'दादा' म्हणजे ॲडम. अमक्याला मी ईव्हच्या बाजूनेही ओळखत नाही आणि ॲडमच्या बाजूनेही नाही, असं फ्रेंच माणूस म्हणतो. आपण नुसतं "कोण कुठला!" म्हणून मोकळे होतो. इंग्रजी भाषांतरकारांनी हा सगळा देव-दादांचा घोळ टाळून पुस्तकाला 'टोकियो फियान्से' असं सुटसुटीत नाव दिलं. मी ते त्या वाटेने वाचलं आहे.

गोष्ट १९८९ सालापासूनची आणि स्वतः बाईंचीच आहे. वडील बेल्जियमचे वकिलातीतले अधिकारी, त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापर्यंतचं बालपण जपानात गेलेलं. एकविसाव्या वर्षी ही मुलगी परत टोकियोला येते. जपानी भाषा नीट शिकायची आहे. त्यासाठी उत्तम उपाय कोणता? तर फ्रेंचच्या शिकवण्या घेणं! (आपल्याकडेही गणित पक्कं करायला गणिताच्या शिकवण्या घेणारे कमी नाहीत.) सुपरमार्केटात चिठ्ठी लावते, फोन येतो आणि ओमोतेसांदोच्या एका कॅफेत विद्यार्थी हजर होतो. नाव रिन्री, वय वीस, बाप दागिने घडवायला शिकवणाऱ्या नामांकित शाळेचा चालक. विद्यार्थी पांढऱ्याशुभ्र मर्सिडीजमधून फिरतो आणि मास्तरीण पायी. आपल्याकडच्या क्लासवाल्यांना हे दृश्य मुळीच रुचणार नाही, इथे नेमकं उलट असतं. तास संपला की मुलगा अदबीने पैशांचं पाकीट पुढे करतो. चार-दोन तासांत व्याकरण मागे पडतं आणि भटकणं सुरू होतं.

हे भटकणं वाचण्यासारखं आहे. परदेशात राहणाऱ्या तरुण मुलामुलींच्या हकिगती आपण हल्ली ढिगाने ऐकतो. आमच्या नात्यातलीही दोन पोरं सध्या जपानात आहेत आणि त्यांचे फोटो घरी येतात. देवळाच्या तांबड्या कमानीखाली पोरगा, भाताच्या वाडग्यामागे पोरगा, चेरीच्या झाडाखाली पोरगा आणि त्याच्या शेजारी दोन बोटं वर करून हसणारे चार मित्र. झाड बदलतं, बोटं तीच! नोतोंबबाईंच्या पुस्तकात बोटं वर केलेले मित्र नाहीत. मित्र आहेत, पण ते घरी जेवायला आले की काय होतं ते पाहा. रिन्री आपल्या अकरा मित्रांना बोलावतो आणि स्वतः स्वयंपाकघरात गडप होतो. बाहेर ही एकटी आणि समोर अकरा गप्प तरुण. कोणी चकार शब्द काढत नाही. अखेर ही बेल्जियमच्या बिअरवर बोलायला लागते, ती बोलतच राहते. अकरा जण ऐकतात, माना डोलावतात, पुन्हा शांत! पाहुणीने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, अशी तिथे तिची नेमणूकच झालेली असते.

बाईंनी हा प्रसंग खास जपानी नमुना म्हणून रंगवला आहे, आणि झकास रंगवला आहे. पण मराठी वाचक तो वाचताना अस्वस्थ होतो, कारण हे त्याने घरच्या दिवाणखान्यात पाहिलेलं असतं. कुणाच्या तरी मुलाबरोबर एखादी गोरी पाहुणी घरी येते. काका, मामा, शेजारचे दोघे असे सगळे कोचावर ओळीने बसतात आणि सुहास्य मुद्रेने तिच्याकडे पाहत राहतात. ती हवेवर बोलते, रिक्षावर बोलते, गणपतीवर बोलते. अधूनमधून आतून कुणीतरी येऊन "पोहे आवडले का विचार" म्हणून जातं. सांगायचा मुद्दा असा, की यात जपानी असं फारसं काही नाही. ज्याची भाषा आपल्याला पुरती येत नाही आणि ज्याच्यापुढे आपल्याला चांगलं दिसायचं आहे, अशा माणसासमोर सारं जग त्या अकरा जणांसारखंच बसतं. बाईंना हे दिसत नाही. टोकियोच्या त्या बैठकीत आपण निरीक्षक आहोत असं त्यांना वाटतं. निरीक्षण अकरा जण करत होते.

खाण्याची पानं मात्र शंभर नंबरी. एका मित्राच्या घरी ओकोनोमियाकी होतो. बारीक चिरलेला कोबी पिठात कालवून तापल्या पत्र्यावर घातलेला हा पदार्थ. धिरड्याचा थोरला जपानी भाऊ म्हणा ना! त्याचा वास आल्याबरोबर बाईंना लहानपणची दाई आठवते आणि मग त्या पाहुण्यासारखं खायचं विसरून चक्क घरच्यासारखं खातात. एवढ्या एका जागी पाहुणेपण गळून पडलं आहे. जपानचं वर्णन करणारी पुस्तकं आपण कमी वाचलेली नाहीत. पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग' आमच्या पिढीने पाठ होईस्तोवर वाचलं. पण प्रवाशाला तिथली चव नवी असते. इथे ती हरवून सापडलेली आहे. या फरकामुळे ही दोन पानं पुस्तकातल्या बाकीच्या साऱ्या मौजेवर मात करतात.

मग फुजी पर्वत. उंची ३७७६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही जास्त. शहाणा माणूस फुजी एकदा चढतो आणि दोनदा चढतो तो वेडा, अशी जपानी म्हण आहे. बाई तो अशा सुसाट चढतात की रिन्री बिचारा कुठल्या कुठे मागे राहतो. डोंगर दिसला की त्या बेभान होतात. पुढे हिवाळ्यात कुमोतोरी नावाच्या डोंगरात एकट्याच जातात आणि हिमवादळात मरता मरता वाचतात. ही वर्णनं दमदार आहेत, मला थोडी लांबली असं वाटलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संबंध पुस्तकात बाई खऱ्या सुखी दिसतात त्या एक तर तव्यासमोर, नाही तर डोंगरावर. दोन्हीकडे रिन्री जरा मागेच असतो.

आता पुस्तकाबाहेरची एक गंमत. याच बाईंनी १९९९ साली 'फिअर अँड ट्रेम्बलिंग' या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी लिहिली. तिला फ्रेंच अकादमीचं मोठं पारितोषिक मिळालं. तीही स्वतःचीच गोष्ट, तेच टोकियो आणि तेच १९९० साल. त्यात ही मुलगी एका बलाढ्य जपानी कंपनीत नोकरीला लागते. कॉफी देताना पाहुण्यांशी उत्तम जपानी बोलली म्हणून 'यापुढे तुला जपानी समजता कामा नये' असा हुकूम सुटतो. मग साहेबाच्या गोल्फ क्लबाच्या नियमावलीच्या प्रती काढायच्या. असं उतरत उतरत शेवटचे सात महिने स्वच्छतागृहाची देखभाल. जगभरच्या वाचकांनी डोळे पुसले. परक्या देशात एकटी पोर, दिवसभर हा अपमान, संध्याकाळी कोण असेल तिला?

संध्याकाळी मर्सिडीज होती! हे जगाला आठ वर्षांनी कळलं. पहिल्या पुस्तकात रिन्रीचं नाव नाही आणि दुसऱ्यात कचेरी दोन-चार वाक्यांत उरकलेली. मुलगा हॉस्टेलच्या आमटीबद्दल काळीज पिळवटणारी पत्रं लिहीत असावा आणि पुढे कळावं की तो दर शनिवारी लोणावळ्याला होता, तशातली गत. पण मी बाईंना खोटारड्या म्हणणार नाही. रोजचं जगणं असंच दोन कप्प्यांचं असतं. साहेबाने झापलेलं घरी सांगवत नाही आणि घरचं सुख कचेरीत सांगू नये. माझी तक्रार वेगळी आहे. हे दोन कप्पे ज्या घटकेला एकमेकांना लागतात ती घटका बाईंनी दोन्ही पुस्तकांत चुकवली आहे. स्वच्छतागृहाचं काम संपवून आलेली मुलगी मर्सिडीजचं दार उघडून आत बसते, तेव्हा ती काय बोलते? तो काय विचारतो? मला ते पान हवं होतं. या बाई १९९२ पासून दरवर्षी न चुकता एक पुस्तक काढतात. त्यांना एखादं पान जास्त जड नव्हतं.

शेवट तुम्ही ओळखलाच असेल. जपानी भाषेत प्रेमाला दोन शब्द आहेत. 'कोई' म्हणजे ओढ, आवड. आणि खोल, जन्माच्या प्रेमाला 'आई'. (मराठी वाचकाने इथे पुस्तक मिटून दोन मिनिटं स्वस्थ बसावं.) रिन्रीचं प्रेम 'आई', बाईंचं 'कोई'. तो लग्नाचं विचारतो, त्या टोलवतात. एकदा तो नकारार्थी विचारतो, "तुला माझ्याशी लग्न करायचं नाही?" त्या "नाही" म्हणतात. जपानी रीतीने या 'नाही'चा अर्थ 'तसं काही नाही', म्हणजे होकार! पोरगा आनंदाने वेडा होतो. आपण "हो, नाही करायचं" असं म्हणून दोन्ही दगडांवर पाय ठेवले असते. बाईंना ती सोय नव्हती. १९९१ च्या जानेवारीत त्या परत येईन असं सांगून विमानात बसतात आणि परत येत नाहीत.

इथे विनोद जरा फार मदतीला धावून आला आहे. रिन्रीत एकही खोट नाही हे बाई प्रामाणिकपणे लिहितात, आणि हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. एरवी असल्या कथांत निघायच्या आधी यजमानाचे दोष निघतात. पण पळण्याचं सुख त्या इतक्या खुसखुशीत सांगतात, की विमानतळावर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहायला वाचकाला फुरसत होत नाही. आमच्या घरातल्या दुसऱ्या वाचकाने मात्र पाहिलं. "त्याच्या गाडीतून हिंडली, त्याच्या मित्रांकडे जेवली. लग्न नव्हतं करायचं तर राहिलं, कुणाची बळजोरी आहे? पण तोंडावर सांगून जायला काय झालं होतं?" समीक्षकांनी यावर काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. मला एवढं पुरेसं वाटलं.

२०१४ साली या कादंबरीवर सिनेमा निघाला. त्यात कथा पुढे ओढून २०११ च्या भूकंपापर्यंत आणली आहे आणि ताटातुटीचं काम भूकंपावर सोपवलं आहे. नायिका स्वच्छ सुटली! पुस्तकाची सारी ताकद ती सुटत नाही यात होती. सिनेमातलं टोकियो मात्र पाहावं असं आहे.

पुस्तकात अजून एक भेट आहे. १९९६ साली बाई लेखिका म्हणून टोकियोला जातात. स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम असतो आणि रांगेतून रिन्री समोर येतो. दोघं कडकडून भेटतात. त्या मिठीला बाई सामुरायांची बंधुभावाची मिठी म्हणतात. हे वाचून दाखवलं तेव्हा घरातल्या दुसऱ्या वाचकाने एवढंच विचारलं, "आणि पुस्तक? ते तिनं दिलं, का तिथंही त्यानंच पाकीट काढलं?"