रंगाला नाव भूमिकेचे

अँड्रॉइडच्या ॲपमध्ये बटणाचा रंग दोन प्रकारे सांगता येतो: थेट 'निळा' म्हणून, किंवा 'थीममध्ये जो मुख्य रंग असेल तो' म्हणून. दुसऱ्या रीतीत बटणाला रंग ठाऊक नसतो, केवळ आपली भूमिका ठाऊक असते. नट बदलला तरी पात्र तेच, तसे हे. २०१४ साली अँड्रॉइड ५ बरोबर 'कलरप्रायमरी'सारखी नावे आली. पुढे २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने फोनभर काळी थीम दिली, तेव्हा रंग थेट लिहिणाऱ्यांना पडदान् पडदा धुंडाळावा लागला. भूमिका लिहिणाऱ्यांचे काम बरेचसे थीमचा एक तक्ता बदलून भागले.

कल्पना आम्हाला पटते. आमचा आक्षेप नावांवर आहे. 'कलरऑनप्रायमरी' म्हणजे मुख्य रंगावरील अक्षरांचा रंग. नाव ऐकून वाटते, ही अक्षरे वाचता येणारच. पण मुख्य रंग शुद्ध पिवळा आणि अक्षरे पांढरी ठेवली, तरी ॲप बिनतक्रार तयार होते! या जोडीच्या उजळपणाचे गुणोत्तर १.०७ भरते, सुगमतेचा आंतरराष्ट्रीय निकष साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ मागतो. (पिवळ्या कागदावर पांढऱ्या खडूने लिहून वर्गात दाखवावे.)

२०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये वॉलपेपरवरून रंग काढताना उजळपणातील अंतर गणितानेच राखले जाते. हाताने भरलेल्या तक्त्याला ते गणित लागू नाही, आणि नाव मात्र दोन्हीकडे तेच.