‘प्रत्येक केंद्राला एक विशेष शिक्षक’: हा आकडा वाचायचा कसा?

संशोधनाची तयारी करताना ‘विश्लेषणाचं एकक’ हा शब्द तुम्ही पाठ केला असेल. आज तो वापरून बघू.

ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने विशेष शिक्षकांची 4860 पदं मंजूर केली, प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या विशेष शिक्षकांना त्यातून कायम होण्याची वाट मिळाली. टीका करताना हे विसरू नका.

आता सप्टेंबर 2022 ची केंद्र सरकारची अधिसूचना शेजारी ठेवा. (‘केंद्र’ हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो, गोंधळू नका.) त्यात प्राथमिकला 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे 1 आणि उच्च प्राथमिकला 15 मागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण आहे. म्हणजे प्रमाण मुलांवर चालतं, पद केंद्रावर. केंद्रात अशी मुलं 8 असोत की 40, शिक्षक एकच. ‘पदं भरली’ यावरून ‘प्रमाण पूर्ण झालं’ असं लिहिणं ही उडी आहे, आणि आराखड्यांमध्ये ती सर्रास मारली जाते.

नेकनूरचा विचार करा. बीड तालुक्यातलं मोठं गाव, मांजरसुंबा–केज रस्त्यावरचं, भोवती वाड्या-वस्त्या. समजा, अशा एका केंद्रात 12 शाळा आहेत. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे किमान 200 दिवस. भागाकार करा: एका शाळेच्या वाट्याला 16-17 दिवस. त्यातूनच बैठका, प्रशिक्षणं, तपासणी शिबिरं. शिवाय या शिक्षकाची पदविका बहुधा एका प्रकारातली, म्हणजे श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा बौद्धिक अक्षमता. 2016 च्या कायद्यात मात्र अपंगत्वाचे प्रकार 21.

आणि बीड म्हटलं की ऊसतोड आलीच. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. यूडायसची मोजणी अनेक वर्षं 30 सप्टेंबरच्या पटावर व्हायची, म्हणजे घरं भरलेली असताना. नोव्हेंबरात तेच मूल फडावर असतं, नाहीतर आजीपाशी. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ज्याला हात धरून शौचाला न्यावं लागतं त्याला तिथे नेणार कोण? पटावरचं प्रमाण हे सांगत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. समग्र शिक्षामध्ये मदतनीस भत्ता आहे, प्रवास भत्ता आहे, मुलींना महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. भत्त्याला रकाना आहे, मदत करणाऱ्या माणसाला नाही. शाळेच्या पायरीवर मधल्या सुट्टीपर्यंत बसून राहणारी आई, पोराला उचलून पंगतीत बसवणारी पोषण आहाराची ताई, स्वतःचा तास बुडवणारी मोठी बहीण हे कर्मचारी नाहीत, म्हणून आपल्या नमुन्यात येत नाहीत. मूल शाळेत टिकतं ते बऱ्याचदा यांच्यामुळेच, असं माझं मत आहे. चूक असेल तर तुमच्या नोंदींनी खोडा.

म्हणून प्रश्नावलीआधी एका मुलाचा एक पूर्ण दिवस बसून लिहा: कोणी, किती वाजता, काय केलं. एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये. माझ्या पहिल्या आराखड्यात हे नव्हतं. मी फक्त विशेष शिक्षकांच्या मुलाखती ठेवल्या होत्या, त्याही जुलैत.