‘ल’ कुणाचा? ‘मंगल’ फाँट आणि त्यामागचं नाव

इथे ब्रिटनमध्ये शनिवारच्या मराठी वर्गात मी अधूनमधून शिकवायला जाते. मागच्या हिवाळ्यात मुळाक्षरं गिरवायचे कागद मीच घरी तयार केले. लॅपटॉपमध्ये आयताच असलेला एक देवनागरी फाँट घेतला, अक्षरं मोठी केली, फिकट राखाडी रंग दिला आणि प्रिंट काढले. पुढच्या शनिवारी एका मुलीची आई हसत म्हणाली, “हिच्या आजीने व्हिडिओ कॉलवर वही बघितली आणि विचारलं, हा हिंदीतला ल कुणी शिकवला गं हिला?”

शिकवला मीच. पण निवडला मात्र मी नव्हता. मग निवडला कुणी?

आधी फरक काय ते सांगते. हिंदी वळणाचा ल उभ्या दंडाला टेकतो. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा असतो. श चंही तसंच, आपला श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेविषयीच्या 2009 च्या निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं धरली आहेत. युनिकोडमध्ये मात्र ल एकच आहे, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असे दोन कोड नाहीत. म्हणजे पडद्यावर कुठला ल उमटणार हे फाँट ठरवतो. आणि फाँट कुणीतरी बनवलेला असतो, कुणाच्यातरी मालकीचा असतो. बनवणारा आणि मालक बहुतेक वेळा एक नसतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ‘मंगल’. विंडोज 2000 सोबत तो आला आणि पुढची दहाएक वर्षं विंडोजवरची देवनागरी म्हणजे मंगल असं समीकरणच झालं. सरकारी टायपिंग परीक्षांमध्ये आजही ‘क्रुतिदेव की मंगल’ असा पर्याय विचारतात, आणि तिथे ‘मंगल’चा अर्थ असतो युनिकोड. एका फाँटचं नाव अख्ख्या व्यवस्थेचं नाव झालं. पण तो काढणाऱ्या माणसाचं नाव किती जणांना माहीत आहे? मलाही पीएचडी होईपर्यंत माहीत नव्हतं. र. कृ. जोशी, म्हणजे आर. के. जोशी (1936–2008): सुलेखनकार, मराठी कवी, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले कलादिग्दर्शक, आयआयटी मुंबईच्या आयडीसीमधले शिक्षक.

एखाद्या चित्राचं किंवा कादंबरीचं करतो तसं मंगलचं परीक्षण का करू नये? करून बघू.

त्याची जमेची बाजू मोठी आहे. त्या काळचे मॉनिटर आठवा. बारा पॉइंटात देवनागरी म्हणजे वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि हे सगळं मोजक्या ठिपक्यांत बसवायचं. मंगलची अक्षरं रुंद, मोकळी, पोटातली पोकळी राखणारी आहेत, त्यामुळे लहान आकारातही घ आणि ध मध्ये गल्लत होत नाही. त्याआधीची परिस्थितीही विसरू नये. प्रत्येक कंपनीच्या फाँटचा स्वतःचा कोड असे, आणि समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर पत्र म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमुळे ते संपलं, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ते युनिकोड पहिल्यांदा मंगलच्या रूपात आलं. दर्या आणि दऱ्या यांतला फरक, म्हणजे मराठीला लागणारा अर्धा ऱ, त्यात नीट उमटतो. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांची सरमिसळ होत नाही.

उणी बाजूही आहे. कागदावर मोठ्या आकारात छापला की मंगल ढिला वाटतो. पडद्यासाठी राखलेला मोकळेपणा तिथे पसाऱ्यासारखा दिसतो. ज्यांच्या स्वतःच्या सुलेखनात रेषा नाचते, त्यांच्या या अक्षरांत ती जवळजवळ स्थिर आहे. हा मला दोष वाटत नाही, तो त्या पडद्याशी केलेला करार होता. माझी खरी तक्रार ल आणि श बद्दल आहे. मंगलमध्ये दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. एका मराठी कवीने काढलेल्या अक्षरांत मराठी ल पहिल्या जागी नाही. पूर्ण देवनागरीसाठी एकच फाँट द्यायचा म्हटल्यावर संख्येने मोठ्या भाषेचं वळण पुढे येतं, हे समजण्यासारखं आहे. पण मग वापरणाऱ्याने तो ल दुरुस्त करावा की नाही? करता येत नाही. फाइल मायक्रोसॉफ्टच्या परवान्याखाली आहे. ती उघडून अक्षर बदलायची आणि वाटायची मुभा वापरणाऱ्याला नाही. परवान्यातली मालकी अशी थेट ल च्या दंडापर्यंत येऊन पोचते.

कायदा इथे काय म्हणतो ते बघितलं की गंमत वाटते, मग राग येतो. अमेरिकेत अक्षराच्या आकारावर कॉपीराइट मिळत नाही. एल्ट्रा विरुद्ध रिंगर या 1978 च्या निकालाने ते पक्कं केलं. पण तोच आकार फाइलमध्ये बसला की ती फाइल संगणकीय प्रोग्रॅम म्हणून संरक्षित ठरते, हे 1998 च्या अडोबीच्या खटल्यात दिसलं. म्हणजे वळण कुणाचंच नाही, पण फाइलला मालक आहे. ब्रिटनमध्ये तसं नाही, इथे टंकाचा आकार कलाकृती मानला जातो. पण 1988 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 79 वाचा. कर्त्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क कुठे लागू नाही, त्याची तिथे यादी आहे. पहिला, संगणक प्रोग्रॅम. दुसरा, टंकाचा आकार. तिसरा, संगणकाने निर्माण केलेलं काम. कोड लिहिणारा आणि अक्षर काढणारा, दोघांनाही कायद्याने एकाच रांगेत, नावाशिवाय उभं केलं आहे. भारताच्या 1957 च्या कायद्याचं कलम 57 निदान इतकं म्हणतं, की हक्क विकले तरी कर्त्याचा नावावरचा हक्क उरतो.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे ही रांग तुमचीही आहे. ऑफर लेटरसोबत सही केलेला तो कागद आठवा, ज्यात नोकरीत लिहाल ते सगळं कंपनीचं. गिटच्या लॉगमध्ये तुमचं नाव असतं, पण तो लॉग कंपनीच्या भिंतीआड. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने अटारीच्या ‘अडव्हेंचर’ गेममध्ये स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवलं होतं, कारण कंपनी डब्यावर नाव छापत नव्हती. आम्हा संशोधकांचंही वेगळं नाही. पेपरवरच्या नावांच्या क्रमावरून आम्ही महिनोन्‌महिने भांडतो, आणि ज्या कोडशिवाय तो पेपर झालाच नसता त्याची नोंद अर्ध्या ओळीत, लिहिणाऱ्याच्या नावाविना.

मग मुक्त परवान्याने प्रश्न सुटतो का? अर्धा सुटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो’ हे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. त्यात फेरफार करता येतात आणि ते पुढे वाटता येतात, मात्र मूळ कॉपीराइटची ओळ सोबत ठेवावी लागते. म्हणजे कलम 79 जे देत नाही ते हा परवाना थोडंफार देतो, नावाची एक ओळ. पण त्या ओळीत बहुधा संस्थेचं किंवा कंपनीचं नाव असतं, एकेका ग्लिफवर डोळे शिणवणाऱ्या माणसांचं नाही. आणि मुक्त म्हणजे फुकट बनलेलं नव्हे. देवनागरीचे काहीशे ग्लिफ काढायला कुणीतरी पगार दिलेला असतो, आणि कुठली भाषा आधी हे ठरवण्यात पगार देणाऱ्याचा शब्द चालतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मायक्रोसॉफ्टच्या टंकसूचीत मंगलपुढे जोशींचं नाव आहे. ते कुणी पुसलेलं नाही. आपण कुणी बघायला गेलो नाही, इतकंच. कवितेखाली कवीचं नाव नसेल तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. अक्षराखाली ते असू शकतं हेच आपल्याला सुचलेलं नाही. कायदा बदलायला वेळ लागेल, पण ही सवय आपल्या हातातली आहे.

गिरवायचे कागद मी पुन्हा केले. या वेळी मराठी रूपं काढलेला मुक्त फाँट शोधला आणि मजकुराची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी निवडली. नीट बनवलेला फाँट ही सूचना वाचून ल आणि श बदलतो, पण भाषा सांगायचं काम आपलं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात फाँटचं आणि तो काढणाऱ्यांचं नाव टाकलं. वर्गातल्या त्याच मुलीने विचारलं, “ताई, ही कोण माणसं?” म्हटलं, “हा ल यांनी काढलाय.” तिने ती ओळही गिरवली.