कृपा आणि पंगत

पनवेलला बेने इस्राएलांचे 'बेथ एल' हे जुने सभास्थान आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या यहुद्यांना कोकणाने 'शनवार तेली' ठरवून उतरंडीत बसवले. इथे धर्माआधी जात चिकटते. त्यामुळे पनवेलमध्ये बसून पौलाचे गलतीकरांस पत्र वाचताना मला त्यात पंगतीचा वाद दिसतो.

परराष्ट्रीयांनी तारणासाठी सुंता करावी काय, हा मूळ प्रश्न. पौल म्हणतो, तारण कृपेने आहे, नियमशास्त्राने नाही. अंत्युखियात याकोबाकडची माणसे येताच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून दूर झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत फटकारले. पंगत मोडण्याचा अधिकार प्रेषितालाही नाही, हा या पत्राचा गाभा.

आमच्या माणसांना कृपा शिकवली गेली. हा गाभा किती शिकवला? नगरकडे महार-मांग मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, तरी सोयरिकीच्या वेळी महार ख्रिस्ती वेगळा, मांग ख्रिस्ती वेगळा. शासनाचा न्याय याच्या उलट! १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. चर्चमध्ये त्याची जात जात नाही आणि कचेरीत ती सापडत नाही.

खुद्द पौलही इथे अपुरा पडतो. अनेसिम या दासाला तो धन्याकडे परत पाठवतो आणि 'भाऊ' म्हणून स्वीकारण्याची फिलेमोनाला विनंती करतो. पेत्राला फटकारणारा पौल धन्यापुढे विनवतो! विनंतीवर उभी असलेली कृपा ही धन्याची मेहेरबानीच. ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. पंगतीतली जागा हक्काची हवी.